कलीमच्या मशिनींचं दुखणं

"कलीम, रविवारी टेस्ट हाय. परत मशिनी बसल्या तर मी दुसरा माणूस बघीन," उज्वलाताईंनी सांगून टाकलं. नांदेडात त्यांचा कोचिंग क्लास, आणि तिथल्या जुन्या कॉम्प्युटरांवर छातीठोकपणे विंडोजऐवजी लिनक्स टाकणारा हाच पठ्ठ्या!

आता दोन-चार दिवसांआड एकच रडगाणं. कोणतं सॉफ्टवेअर बसवलंय हे मशीनला ज्यावरून कळतं, तो पॅकेज डेटाबेसच बिघडायचा. मग टेस्टचं सॉफ्टवेअर काही केल्या बसेना. कलीम दुरुस्त करून घरी जाई, सकाळी परत तेच. डिस्क तपासली, रॅम बदलली, डोक्याचा पार भुगा झाला.

शुक्रवारी तो हट्टानं थांबला. क्लास सुटल्यावर अपडेट सुरू व्हावं, असं त्यानंच लावून ठेवलेलं. ते सुरू झालं, तोच रस्त्यावरून वाळूचा हायवा, म्हणजे भला मोठा डंपर, गेला. काचा खडखडल्या. दाराशी बसलेले ताईंचे वडील, शेषेरावकाका, "बाहेर! बाहेर!" ओरडत उठले, खटकन मेन स्विच खाली ओढला आणि कलीमला कॉलर धरून अंगणात आणलं.

"हायवा होता, काका!"

"असंल. त्या पहाटंबी मला आधी गाडीच वाटली होती."

काका लातूरकडचे. त्र्याण्णवच्या भूकंपात चिमुकल्या उज्वलाला त्यांनीच मातीतून ओढून काढलेलं. कलीमच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. अपडेट अर्ध्यावर असताना वीज गेली तर डेटाबेसचं दुसरं काय होणार! चोर सापडला होता, आणि त्यानं कलीमची कॉलर अजून सोडली नव्हती. कलीमला हसू आवरेना.

"स्विचला कुलूपच लावते," ताई म्हणाल्या.

"न्हाई ताई. त्यांचा हात तिथंच राहू द्या." त्यानं ताईंच्या ऑफिसातला पंख्याचा इन्व्हर्टर काढून मशिनींना जोडला. वीज गेली की ताई उकाड्यात कुरकुरत बसत, पण हसत.

रविवारी टेस्ट रंगात आली आणि हायवाही आलाच. खट! पंखे थांबले. काकांनी सगळी पोरं अंगणात हाकलली. मशिनी मात्र सुरूच, एकाही उत्तराला धक्का नाही! कलीम आत एकटाच आनंदानं नाचायचा बाकी राहिला होता. तेवढ्यात काका धापा टाकत परत आत आले आणि त्याची कॉलर धरली.

"काका, मशिनी चालू हायत! बघा तरी!"

"खड्ड्यात गेल्या मशिनी! लेकरं मोजली, एक कमी भरलं. तू आत काय करायलास?"