तंबूचा खांब

कैरोहून आमच्या किनाऱ्यावर, दहबला, सुट्टीला आलेल्या त्या हातिमने पाण्याखाली त्याला वाट दाखवणाऱ्या माझ्या भावाच्या, सुवैलिमच्या, तोंडातली हवेची नळी हिसकावली. बोटीतून मला नितळ पाण्यात सगळं दिसत होतं: सुवैलिमने दोनदा वर चल म्हणून खुणावलं, तरी हा मासे बघत राहिला आणि स्वतःची हवेची टाकी संपवून बसला. नळी परत मागितली तर याने त्याच्या तोंडावर लाथ घातली. मी भावाला बोटीत ओढून घेतलं, तेव्हा त्याच्या कानांतून रक्त येत होतं आणि श्वास थांबला होता.

किनाऱ्याला लागल्यावर हातिम टॉवेलने डोकं पुसत म्हणाला, "तुमच्या माणसाला पोहता तरी येत होतं का?"

मी नांगराची दांडी उचलली. पहिल्या फटक्यात त्याचा खांदा मोडला, तो आवाज मला ऐकू आला. दुसरा बसायच्या आत तो पळाला, तो नेमका आमच्याच तंबूत. तिथे त्याने धड असलेल्या हाताने मधला खांब घट्ट धरला.

आई कॉफी कुटत होती. "फरज, थांब. खांब धरलाय त्याने."

आम्हा वाळवंटातल्या टोळ्यांत तंबूचा खांब धरणाऱ्याच्या केसालाही तीन दिवस कुणी धक्का लावत नाही.

"आई, यानं आपल्या सुवैलिमचा जीव घेतला."

तिचा हात थांबला. मग तिने कॉफी उकळून ओतली आणि पहिला पेला हातिमला दिला.

"सुट्टी अजून किती दिवस आहे, बाळा?"

"पाच," तो रडत म्हणाला.

"राहा मग निवांत."

मग ती माझ्या कानाशी आली. "दांडी पुसून ठेव. चौथ्या दिवशी लागेल."