तळ्यातली पापलेटं

हे सांगितलं तर कोणी विश्वास ठेवणार नाही, म्हणून मी ते रोज सांगतो. वेसाव्यामागच्या खाऱ्या तळ्यात, भर मे महिन्यात, गुडघाभर पाण्यात मला तीन पापलेटं सापडली आहेत. ऐकीव गोष्ट नाही. होडी माझी होती आणि जाळंही मीच ओढलं होतं.

"पण पापलेट खोल समुद्रात असतं ना, आजोबा?" अनुपमाने विचारलं. ती समोरच्या नव्या बिल्डिंगमध्ये राहते आणि संध्याकाळी सोनूबाईच्या पाटीपुढे मासे घ्यायला थांबते. मी तिथेच बाजूला उलट्या खोक्यावर बसलेला असतो.

"तेच तर!" मी म्हणालो.

"सांग रे लहू, सांग," सोनूबाई कोयतीवर मासा कापता कापता म्हणाली. "तेवढंच गिऱ्हाईक थांबतंय."

तर ऐका. ही हकिकत तिचीच आहे. वाळूच्या दांड्याआड ते तळं होतं. भरतीला खाडीचं पाणी आत शिरायचं आणि ओहोटीला त्यातलं अर्धं तिथेच रमायचं. सोनूबाईचा नवरा दर्यात गेला तो होडीसकट गेला. तेव्हापासून ती काष्टा मारून कमरेभर पाण्यात उतरायची आणि पायाने चिखल चाचपून चिंबोऱ्या काढायची. त्यावरच घर चाललं. चिंबोऱ्या तिला ओळखायच्या. एक म्हातारी चिंबोरी तर नांग्या जोडून नमस्कार करायची आणि आपणहून पाटीत चढायची.

"नमस्कार करायची?" सोनूबाईने अर्धं बोट वर करून दाखवलं. "मंग ह्या कोनी तोडलान्?"

त्या तळ्यावर मधुकर साहेब यायचे. कुठल्याशा संस्थेत ते खाऱ्या पाण्याचा अभ्यास करायचे. दर अमावास्येला त्याच खुंटांना तेच जाळं लावायचं. बोकशी म्हणतात त्याला, लांब पिशवीसारखी असते. भरती ओसरली की आत काय अडकलं ते मोजायचं, पाणी बाटलीत भरायचं, चिखल हुंगायचा. मी होडी वल्हवायचो.

"एका वर्षात काही कळत नाही, लहूभाऊ," साहेब म्हणायचे. "हे जन्मभर बघत राहावं लागतं."

आले तेव्हा ते बिनलग्नाचे होते. पुढे त्यांच्या डोक्यावरचे केस आणि जाळ्यातले मासे बरोबरीने कमी होत गेले. आतून दोघांचं काही ठरलेलं असावं, असा मला संशय होता. आधी बोकशीत बोय यायची, काळुंद्र यायचं, कोळंबी तर ओंजळीने. मग साकीनाक्याकडून राडारोड्याचे डंपर येऊ लागले. तळ्याचं तोंड बुजत चाललं, पाण्यावर तेलाचा तवंग आला. कोळंबी गेली, मग काळुंद्र गेलं. बोय बरीच टिकली, पण तीही गेली. शेवटी शेवटी जाळ्यात चिखल आणि कुणाची तरी चप्पल एवढंच यायचं. साहेब चप्पलही लिहून घ्यायचे.

चौऱ्याऐंशीच्या एप्रिलात होडीतून उतरताना ते म्हणाले, "सोनूबाई, वरून विचारणा झालीय, तळं जिवंत आहे की मेलंय. पुढच्या अमावास्येला जाळं रिकामं आलं तर मला 'मेलं' असंच लिहावं लागेल. मग भराव घालायला कोणी आडवं येणार नाही."

"आन् मी कुठं उतरू?" सोनूबाईने विचारलं.

साहेब थर्मामीटर पुसत राहिले. पुसायला त्याच्यावर काही नव्हतं.

पुढच्या अमावास्येला ही बाई पहाटेच भाऊच्या धक्क्यावरच्या मासळी बाजारात जाऊन आली आणि जाळं ओढायला आम्ही पोचायच्या आत बोकशीत मासे सोडून मोकळी झाली. चार बोया सोडल्या असत्या तर ब्रह्मदेवालाही कळलं नसतं. पण हिने घेतली पापलेटं!

"आरं, पाव्हना ना तो," सोनूबाई म्हणाली. "इतकी वर्सं उन्हान बसला आमच्यापायी. त्याच्या पुढ्यान बोय ठेवू?"

मी जाळं ओढलं. आत तीन पापलेटं, ताटात मांडावीत तशी. साहेबांनी एक उचललं. पाणी चहासारखं कोमट आणि मासा हाताला गारेगार. त्यांनी कल्ला उघडला. आतून बर्फाचा खडा त्यांच्या तळहातावर पडला आणि बघता बघता विरघळला.

सोनूबाई पलीकडे कमरेभर पाण्यात, आमच्याकडे पाठ करून, नसलेल्या चिंबोऱ्या शोधत होती.

"लहूभाऊ, तळ्यात पापलेट येतं?"

"येतं की साहेब. वाट चुकलं तर येतं."

"तिघं एकदम चुकली?"

"भावंडं असतील."

साहेब हसले नाहीत. त्यांनी तिन्ही पापलेटांची लांबी मोजली, वजन केलं. सगळं रीतसर. मग सोनूबाईच्या पाठीकडे बघितलं.

"आणि मग साहेबांनी पेन काढलं," मी अनुपमाला म्हणालो, "आणि ठसठशीत अक्षरात लिहिलं, तळं जिवंत आहे! कागद वर गेला, वरून हुकूम सुटला, डंपर आल्या वाटेने परत. तळं आजही आहे. काल सकाळीच बोय अशी उडाली, माझी टोपी पाडली."

"कुठे आहे?"

मी बिल्डिंगांच्या मागे हात केला.

"खोटं, आजोबा! तिथे आमच्या स्कूटर उभ्या असतात."

उत्तर माझ्या जिभेवर तयार होतं, पण सोनूबाईने कोयती खाली ठेवली.

"सायेब लिवनारच व्हता," ती अनुपमाला म्हणाली. "पेन उघडून बसला व्हता. मीच पान्यातून वर आले. बोलले, सायबा, लिवू नको, बर्फाचा हाय. बर्फाचा म्हावरा ताजा म्हणून मी बाजारान कवा विकला नाय, तुला कसा विकू?"

"मग काय लिहिलं त्यांनी?"

"तळ्यान व्हता तेच. काय नाय."

अनुपमा पाटीतल्या पापलेटांकडे बघत राहिली. पाटीखालून पाणी ठिबकत होतं.

"हा पन बर्फाचा," सोनूबाई म्हणाली. "कापून देऊ?"