टोलबर्टच्या धावपट्टीवर उतरलेला पाहुणा

"येतायत! लोर्ना, येतायत गं ते!"

ड्वेन कुचेराने स्वयंपाकघरातल्या टेबलावर अशी थाप मारली की कॉफी उसळून लॅपटॉपवर सांडली. ती त्याने बाहीने पुसली आणि पुन्हा पडद्यात डोकं घातलं. सकाळचे सहा वाजले होते. लोर्ना अंडी फेटत होती. तिने मान वळवली नाही.

"कोण येतंय? तुझी अक्कल?"

"चेष्टा नको. आज दुपारी पाऊण वाजता, डेन्व्हर ते टोलबर्ट, आठ सीटचं खाजगी विमान. आपल्या टोलबर्टला असलं विमान कोण आणणार? आणि ते विमान नोंदवलंय कुठल्या पत्त्यावर, माहितेय? शोधून काढलाय मी. हाय मेसा लीगचं ऑफिस ज्या इमारतीत आहे ना, तीच इमारत! लीगचा कमिशनर येतोय बघ, आपल्या विद्यापीठाला लीगमध्ये यायचं आमंत्रण घेऊन!"

लोर्नाच्या हातातला काटा थांबला. कारण कमिशनर आज येणार होती हे खरं होतं. फक्त विमानाने नव्हे. मरीटा ऑल्डन नावाची ती बाई भाड्याच्या गाडीने, एकटी, कुणालाही कळू न देता येणार होती, आणि दुपारी बाराला बर्नीसच्या खाणावळीत तिला जेवू घालायचं काम टोलबर्ट विद्यापीठाने लोर्नावर सोपवलं होतं. व्हॉलीबॉलच्या कोचकडे कोण लक्ष देतंय, असा त्यामागचा हिशेब. गुप्ततेच्या कागदावर तिने सही केली होती. नवऱ्यालाही सांगायचं नाही, असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं.

"कुणाला सांगितलंस का हे?" तिने जपून विचारलं.

"सांगितलंस का म्हणजे? समर्थकांच्या पानावर टाकून वीस मिनिटं झाली. चारशे जणांनी वाचलंय. बँडमास्तर म्हणतोय, पोरांना घेऊन विमानतळावर येतो!"

"ड्वेन, अरे देवा, तू ना..." एवढंच ती म्हणाली. पुढचं बोलायची सोय नव्हती.

बोलायला तीन महिन्यांचं साठलं होतं. टोलबर्टची जुनी लीग मोडकळीला आली होती. मोठी विद्यापीठं एकेक करून पैसेवाल्या लीगमध्ये पळाली, मागे उरली पाच, आणि टीव्ही कंपनीने करारच गुंडाळला. टीव्हीचे पैसे गेले की खेळ कसे पोसायचे? फेब्रुवारीत विद्यापीठाचे अध्यक्ष केसिंजर यांनी लोर्नाला बोलावून एक पत्र दाखवलं. हाय मेसा लीगने टोलबर्टला घेतलं तर ठीक. नाही घेतलं, तर मुलींचं व्हॉलीबॉल बंद. वर्षाचा नऊ लाख डॉलर खर्च, तो वाचवायचा. पत्र टाइप होऊन पडलं होतं. फक्त सही बाकी होती, आणि ती आज संध्याकाळी पाचला व्हायची होती, लीगच्या उत्तरावर.

बावीस वर्षं लोर्नाने तो संघ उभा केला होता. चौदा पोरी. त्यांना यातलं काडीचंही माहीत नव्हतं. आणि ड्वेनला? बावीस वर्षं प्रत्येक सामन्याला रेषेवर झेंडा घेऊन उभा राहणाऱ्या ड्वेनला सांगायचं तिच्या जिवावर आलं होतं. गुप्ततेची सही तर होतीच, पण खरं म्हणजे त्याचं तोंड बघवलं नसतं तिला.

पावणेबाराला ती बर्नीसच्या खाणावळीत पोचली तर बर्नीस दाराला पाटी लावत होती.

"बंद? आज? मंगळवारी?"

"अगं, विमानतळावर चाललेय! कमिशनर येतोय, तुला कळलं नाही? तुझ्याच नवऱ्याने शोधून काढलं ना!" बर्नीसने किल्ली तिच्या हातात कोंबली. "राजमा-खिम्याची चिली शेगडीवर आहे, दालचिनीचे गोड रोल भट्टीत. तुला खायचं तर वाढून घे. पैसे गल्ल्यात टाक." आणि ती पळालीसुद्धा, एप्रन तसाच कमरेला.

लोर्नाने रस्त्यावर पाहिलं. न्हावी बंद. हार्डवेअरचं दुकान बंद. बँकेच्या दारावर हाताने लिहिलेला कागद, 'दोनला येतो.' रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. नेब्रास्काचा वारा तेवढा एक रिकामा पेपर कप घरंगळवत नेत होता. आणि नेमकी त्याच रस्त्याने एक पांढरी गाडी हळूहळू, दोन्ही बाजूंची बंद दारं बघत बघत, आली.

मरीटा ऑल्डन साठीच्या, उंच, कमी बोलणाऱ्या बाई होत्या. त्यांनी चिली खाल्ली, रोल चिलीत बुडवून खाल्ला आणि म्हणाल्या, "हे असं एकत्र खातात हे मला माहीत होतं, पण चांगलं लागतं हे कुणी सांगितलं नव्हतं." मग चमचा खाली ठेवला.

"कोच, मी आडवळण घेत नाही. मतदान सकाळीच झालं."

लोर्नाने हातातला रोल बशीत ठेवला.

"लीगच्या नऊ विद्यापीठांपैकी सहा तुमच्या बाजूने. सात हवी होती. फोनवर सांगितलं असतं तरी चाललं असतं, पण मला ते बरं वाटेना. नकार तोंडावर सांगावा, म्हणून आले. तुमच्या अध्यक्षांकडे आता जाईन."

"कोण नाही म्हणालं?"

"दोघं तर कधीच हो म्हणणार नव्हते. अडलं ते तिसऱ्या विद्यापीठाचे अध्यक्ष डॉक्टर फेनविक यांच्यापाशी. त्यांचंही चुकीचं म्हणता येणार नाही, बघा. टीव्हीचे वर्षाला पाच कोटी चाळीस लाख डॉलर येतात. नऊ जणांत वाटले तर साठ-साठ लाख. दहावा जेवायला बसला की प्रत्येकाच्या पानातलं थोडं कमी होणार."

"पण आम्ही अर्धंच पान मागितलंय ना! सहा वर्षं अर्ध्या वाट्यावर राहू म्हणालोय."

"अर्ध्या वाट्यातसुद्धा प्रत्येकाचे तीन-साडेतीन लाख जातात. ते टीव्ही कंपनी भरून देईल, पण कधी? लोक बघणार असतील तर. फेनविक म्हणतात, अठरा हजार वस्तीचं गाव, तिथे बघणार कोण?"

"आमचा व्हॉलीबॉलचा हॉल नऊ वर्षं भरलेला आहे. तीन हजार शंभर खुर्च्या. एकही रिकामी नाही!"

मरीटाबाई कसंनुसं हसल्या. "कोच, कागदावर सगळ्यांचेच हॉल भरलेले असतात. पॉपकॉर्न विकणारे, बँडवाले, पार्किंगवाले, सगळे प्रेक्षकांत मोजतात. मी कागद बघत नाही. मी गावात येते आणि गाव बघते." त्यांनी खिडकीबाहेर बोट केलं. "बघितलं मी. मंगळवारी भर दुपारी एक माणूस दिसला नाही मला. एक कुत्रा दिसला, तोही झोपलेला. फेनविकचं खरंच आहे असं मला..."

लोर्नाचं डोकंच फिरलं. तीन महिने तोंड दाबून ठेवलं होतं, ते एकदम सुटलं.

"उठा!"

"काय?"

"उठा म्हणते. ठेवा ती वाटी. माझ्या ट्रकमध्ये बसा. गाव बघायचंय ना तुम्हाला? दाखवते गाव! पण आधीच सांगते, गुप्तता मोडली असं तुम्ही म्हणाल, तर मी काही फोडलेलं नाही. माझ्या नवऱ्याने विमान शोधलं, आणि तेही भलतंच!"

"कुठलं विमान?"

"तेच मलाही बघायचंय. चला!"

विमानतळ गावाबाहेर चार मैलांवर. निघता निघता लोर्नाने केसिंजरच्या पत्राचंही सांगून टाकलं. दोन मैल आधीच रस्त्याच्या कडेला गाड्या लागायला सुरुवात झाली. ट्रक, ट्रॅक्टर, शाळेच्या पिवळ्या बस. मरीटाबाई आधी बोटांनी मोजायला लागल्या, मग मोजणं सोडून काच खाली केली. वाऱ्यावर ढोल ऐकू येत होते.

"हे सगळे... माझ्यासाठी?"

"तुमच्यासाठीच. पण तुम्ही खाली उतरू नका, नाहीतर चिरडतील तुम्हाला."

कुंपणापाशी अख्खं टोलबर्ट लोटलं होतं. लाल शर्ट, लाल टोप्या, लाल रंग फासलेली म्हातारी माणसं. बँड बेभान वाजवत होता. बर्नीस एप्रनचा झेंडा करून फिरवत होती. आणि सगळ्यांच्या पुढे लोर्नाच्या चौदा पोरी, संघाच्या जर्सीत. वर्ग बुडवून आल्या होत्या सगळ्या. एरवी लोर्नाने कान धरले असते. आता तिने एकेक करून चौदाही मोजल्या.

तेवढ्यात विमान आलं. छोटं, पांढरं. ते टेकलं तशी जी आरोळी उठली, ती ऐकून मरीटाबाईंनी दोन्ही हात कानांवर ठेवले.

दार उघडलं. आतून एक टकला, बुटका गृहस्थ उतरला. तपकिरी कोट, हातात दुधाच्या कॅनसारखी धातूची टाकी, तिच्या तोंडातून पांढरी वाफ येतेय. तो पायरीवरच थिजला.

"कमिशनर साहेब आले!" कुणीतरी बोंब ठोकली. झालं! कुंपणाचं फाटक उघडलं गेलं की मोडलं ते कुणाला कळलं नाही. पोरींनी त्या माणसाला खांद्यावर घेतलं. लोर्नाच्या सगळ्यात उंच पोरीने, ब्रिनाने, टाकीसुद्धा उचलली.

"अहो हळू! हळू! सांडेल!" तो वरून ओरडत होता. "सत्तर हजारांचा माल आहे तो!"

ड्वेनने माइक त्याच्या तोंडाशी धरला. "साहेब, टोलबर्टला काय सांगाल?"

"मी... मी ऑरव्हिल पेटी. वळूचं वीर्य विकतो. गोठवलेलं. हॅन्सन यांच्या रँचवर जायचंय मला."

बँड मध्येच थांबला.

"आणि ती इमारत? डेन्व्हरची?" ड्वेनचा आवाज चिरकला.

"तिथे आमच्या कंपनीचं ऑफिस आहे. अकरावा मजला. का हो?"

लोर्नाने डोळे मिटले. आता हसणार लोक, शिव्या घालणार, ड्वेनला गावात तोंड दाखवायला जागा राहणार नाही. पण कुठून तरी बर्नीसचा आवाज आला, "मग काय झालं? एवढ्या लांबून आलाय बिचारा!" आणि बँडमास्तरने हात वर केला. विद्यापीठाचं गाणं पुन्हा सुरू झालं, आधीपेक्षा दुप्पट जोरात, आणि चार हजार माणसं वळूचं वीर्य विकणाऱ्या ऑरव्हिल पेटीसाठी नाचायला लागली. पेटीने आधी इकडेतिकडे पाहिलं. मग खांद्यावरूनच एक हात हलवला. मग दोन्ही.

मरीटाबाई हसून हसून डोळे पुसत होत्या. पुसता पुसताच त्यांनी फोन काढला आणि खिडकीबाहेर धरला.

"फेनविक, जेवताय का? घास खाली ठेवा आणि हे बघा. टोलबर्ट. हो, आत्ता, या क्षणी. नाही, सामना नाहीये. मंगळवार आहे."

फोनमधून जाड आवाज आला. "खांद्यावर कोण आहे तो? गव्हर्नर?"

"वळूचं वीर्य विकतो."

लोर्ना फोनच्या जवळ सरकली.

"आणि त्याच्यासाठी हे सगळे कामधंदा सोडून आलेत?"

"माझ्यासाठी आले होते. मी नाही म्हणून त्याला धरून नाचतायत. फेनविक, आपल्या नऊ गावांपैकी एका तरी गावात हे होईल का? तुमच्या गावात होईल?"

"माझ्या गावात माझ्या निरोपसमारंभाला साठ लोक येतील, तेही जेवण असेल तर." मग खोकल्यासारखं हसू. "त्या पोरी कोण?"

"व्हॉलीबॉलच्या आहेत," लोर्ना मध्येच ओरडली. राहवलंच नाही तिला. "माझ्या आहेत! सगळ्याच्या सगळ्या चौदा!"

"अर्धा वाटा, सहा वर्षं?" फेनविकनी विचारलं.

"सहा वर्षं," मरीटाबाई म्हणाल्या.

"लिहा माझं नाव. हो लिहा. आणि त्या माणसाला खाली उतरवा, पडेल तो."

मरीटाबाईंनी फोन ठेवला आणि लगेच दुसरा लावला. "केसिंजर, मी ऑल्डन. सातवं मत मिळालंय. आमंत्रण संध्याकाळपर्यंत हातात पडेल. आणि तुमच्या टेबलावर कुठलं पत्र पडलं असेल, तर ते... कोच, काय करायचं त्याचं?"

"फाडायचं!" लोर्ना म्हणाली. "बारीक बारीक!"

ती ट्रकमधून उतरली. हसू येतंय की रडू, तिचं तिलाच कळेना. बँड चालूच होता. गर्दीतून वाट काढत ड्वेन तिच्याकडे आला, टोपी हातात, मान खाली, शाळेतून घरी पाठवलेल्या पोरासारखा.

"बोल," तो म्हणाला. "बोल काय बोलायचंय ते. गाढवपणा झाला माझा. अख्ख्या गावाचा दिवस घालवला मी. एकाच इमारतीत दोन ऑफिसं असतात हे माझ्या डोक्यातच आलं नाही."

"ड्वेन, व्हॉलीबॉल बंद होणार होतं."

"कुठलं व्हॉलीबॉल?"

"आपलं. आज पाचला सही होणार होती. फेब्रुवारीपासून ठाऊक होतं मला. लीगने सकाळी नाही म्हटलं होतं."

ड्वेन ट्रकच्या बंपरवर मटकन बसला. कुंपणाशी नाचणाऱ्या चौदा जर्सींकडे तो नुसता बघत राहिला. तिला जे तोंड बघवलं नसतं, ते आता समोर होतं.

"तीन महिने," तो म्हणाला. "एकटीने?"

"एकटीने."

त्याने तिचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. "मग आता?"

"आता लीगने हो म्हटलंय. पाच मिनिटांपूर्वी. ती ट्रकमध्ये बसलीय ना, ती कमिशनर. गाडीने आली. हे सगळं बघितलं तिने, आणि अडलेल्या माणसाला फोनवर दाखवलं."

ड्वेनने ट्रककडे पाहिलं. मरीटाबाईंनी आतून हात केला. मग त्याने विमानाकडे पाहिलं, पेटीकडे पाहिलं, आणि हळूहळू त्याची पाठ सरळ झाली. टोपी त्याने पुन्हा डोक्यावर चढवली.

"म्हणजे काय," तो म्हणाला, "विमान बरोबरच होतं माझं."

एकतीस वर्षांच्या संसारात लोर्नाने पहिल्यांदाच त्याला उलट उत्तर दिलं नाही.