बावीस वर्षं वाकलेला शिक्का

मी म्हशीच्या शिंगाचा, करंगळीएवढा एक जुना शिक्का आहे. माझ्या तोंडावर 'इसोगाई' हे आडनाव उलटं कोरलंय. मित्रांनो, आमच्याकडे जपानात सहीला कोणी विचारत नाही. शिक्का उमटला की माणूस अडकला. म्हणून मी जन्मापासूनच घाबरट.

माझे मालक इसोगाईसाहेब क्योतोच्या एका स्टुडिओत निर्माते होते. निर्माता म्हणजे चित्रपट चालला तर फोटोत कडेला आणि पडला तर मधोमध उभा राहणारा माणूस. कागदावर स्टुडिओच्या अध्यक्षांच्या शिक्क्याचा चौकोन डावीकडे असे. बाकीच्यांनी आपापला शिक्का डावीकडे जरासा कलता मारायचा, म्हणजे नावसुद्धा वाकून नमस्कार करतंय असं दिसतं. हा नियम कुठेही लिहिलेला नव्हता, त्यामुळे मोडायचीही सोय नव्हती. मी बावीस वर्षं वाकलो. "इसोगाईच्या शिक्क्याला काय विनय आहे!" अशी माझी तारीफ होई.

मग तो कागद आला. नववर्षाच्या चित्रपटासाठी किल्ल्याचा दरवाजा जाळायचा होता. आत चाळीस एक्स्ट्रा. कागदावर एकच वाक्य होतं: 'दृश्य सुरक्षित आहे.' आगीचं काम बघणारे म्हातारे तेशिमा म्हणाले होते, "वारा फिरतोय, साहेब. दोन दिवस थांबू या." पण अध्यक्षांना प्रदर्शनाचा मुहूर्त गाठायचा होता.

"अरे इसोगाई, शिक्का मारतोयस की अंडं घालतोयस?" अध्यक्ष खेकसले.

साहेबांचा हात घामेजला होता. मी वाकून उमटलो. माझ्या तोंडावरची लाल शाई पुसली गेली. भीती नाही पुसली गेली.

तासाभराने आम्ही सेटवर होतो. मी साहेबांच्या खिशात, त्यांच्या छातीला लागून. ती अशी धडधडत होती की मीच आतल्या आत आपटत होतो. दरवाज्यामागून एक एक्स्ट्रा ओरडली, "लवकर पेटवा हो, थंडीने मरायची वेळ आली!" सगळे हसले. तेशिमांच्या मशालीचा धूर आधी डोंगराकडे गेला, मग थेट त्या हसणाऱ्यांकडे.

"कागदावर तुमचा शिक्का आहे, साहेब. पेटवू?"

"तो कागद आणा. आणि पाठ इकडे करून वाका."

आमच्याकडे लिहिलेलं खोडायचं तर त्यावर दोन रेघा ओढून तोच शिक्का पुन्हा मारावा लागतो. साहेबांनी कागद म्हाताऱ्याच्या पाठीवर ठेवला.

"हलू नका, तेशिमा."

"मी कुठे हलतोय? तुम्हीच हलताय!"

'सुरक्षित' या शब्दावर दोन वेड्यावाकड्या रेघा पडल्या. त्यांच्यावर मी उमटलो. सरळ. बावीस वर्षांत पहिल्यांदाच ताठ उभा राहिलो आणि भीतीने अर्धमेला झालो. मशाल बादलीत विझली. चाळीस जण कुरकुरत, साहेबांना भेकड म्हणत घरी गेले.

मित्रांनो, त्यानंतर दिवसभर वारा सुटलाच नाही. "पान तरी हललं का रे?" एवढंच अध्यक्षांनी विचारलं. मुहूर्त चुकला. साहेबांची बदली पोशाखांच्या गोदामावर झाली आणि तिथूनच ते निवृत्त झाले. मी आता त्यांच्या टेबलाच्या खणात आहे. शिक्के बंद होणार म्हणतात. खण उघडला की कचऱ्याच्या भीतीने माझा थरकाप होतो.

मला जपा असं मी म्हणत नाही. शिंगाचा तुकडा तो काय. पण कधी तुमच्यापुढे असा कागद आला आणि हात कापू लागला, तर लाजू नका. त्या हाताचं ऐका. कापणाऱ्या हातानेही शिक्का सरळ उमटतो. मी उमटलोय.