पास, नापास

तेलाच्या गिरणीत त्यांना सगळे ‘जीभ’ म्हणत, आणि त्यांना ते मनापासून आवडे. शेंगदाण्याचं पोतं आलं की आत कोपरापर्यंत हात घालायचा, तळातला दाणा चावायचा आणि निकाल द्यायचा: पास किंवा नापास. बुरशीचा कडवटपणा त्यांच्या नजरेतून, म्हणजे जिभेतून, सुटत नसे. थुंकणं मात्र त्यांच्या शिस्तीत बसत नव्हतं. अन्न आहे, गिळायचं.

नापास दाणे ते पिशवीत भरून घरी नेत आणि बायको भाजून डब्यात ठेवी. तीस वर्षांत मालकाच्या चांगल्या दाण्याला हात लावला नाही, हे ते कुणी न विचारताही सांगत. दुर्दैवानं ते खरं होतं. तीन वर्षांची नात डब्यातला एकेक दाणा वर धरून विचारी, “आजोबा, पास?” सकाळी ज्याला नापास केलं, त्यालाच आजोबा संध्याकाळी “पास!” म्हणत.

मेव्हणा रोज प्यायचा. “लिव्हरची वाट लागेल तुझ्या,” असं ऐकवून ऐकवून दमल्यावर जिभेनं त्याला धरून तपासणीला नेलं. निरोगी लिव्हर कसं असतं ते याला कळावं, म्हणून शेजारी स्वतःचीही सोनोग्राफी आणि रक्ततपासणी करून घेतली.

मेव्हण्याच्या लिव्हरवर थोडी चरबी निघाली. डॉक्टरीणबाईंनी त्याला दारूवरून सडकून झापलं. जीभ खूश झाले. मग बाई त्यांच्याकडे वळल्या.

“तुमच्या लिव्हरमध्ये गाठ दिसतेय. लहान आहे, पण कसली आहे ते लगेच बघायला हवं. रक्तात हिपॅटायटिस बी आहे. पूर्वी कधी कळलं होतं?”

कळलं होतं. बावीस वर्षांपूर्वी रक्तदान केल्यावर पत्र आलं होतं. त्रास काहीच नव्हता, म्हणून ते कपाटात गेलं.

“पण मी थेंबाला शिवलो नाही हो!”

“काम काय करता?”

त्यांनी सांगितलं, नेहमीच्याच ऐटीत. बाईंचं लिहिणं थांबलं.

“त्या बुरशीचं विष थेट लिव्हरवर जातं. अंगात हा विषाणू असला तर कॅन्सरचा धोका कितीतरी पटींनी वाढतो.”

“घरी डब्यात ठेवतो ते दाणे आम्ही भाजून खातो.”

“भाजल्यानं वास जातो, विष राहतं. घरातल्या सगळ्यांचं रक्त तपासून घ्या. आणि तो डबा आजच्या आज फेका.”

बसमध्ये मेव्हण्यानं एकही टोमणा मारला नाही. उतरताना एवढंच म्हणाला, “भाऊजी, मी आहे ना.” जिभेला रडू फुटायच्या बेतात होतं. धीर द्यायला देवानं नेमका हाच माणूस पाठवावा, याचा रागही आला.

दार उघडलं तर नात डबा मांडीत घेऊन बसलेली. तिनं दाणा वर धरला.

“आजोबा, पास?”

“नापास,” ते म्हणाले.

आजोबा असं कधी म्हणत नाहीत, ही थट्टाच, म्हणून ती खुदकन हसली आणि तिनं दाणा तोंडात टाकला. ते धावले, गुडघ्यावर बसले आणि बोट तिच्या इवल्या तोंडात घालून म्हणत राहिले, “थुंक गं, थुंक बाळा, थुंक.”