वळणापर्यंतचं घड्याळ

हौशी मोटारसायकल शर्यतीत फेरीची वेळ मोजायला गाडीला एक छोटा डबा लावतात. रेषा ओलांडली की तो आपोआप वेळ नोंदवतो. त्याची किंमत ऐकून माझं डोकंच फिरलं. तेवढ्यात माझ्या जुन्या गाडीचे दोन्ही टायर येतील! मोबाइलवरचं ॲप फुकट आहे, पण ते नकाशावर मला कधीकधी शेजारच्या शेतात पोचवतं. म्हणून इतकी वर्षं आमचं एकच यंत्र होतं: कठड्याशी स्टॉपवॉच घेऊन उभी असलेली माझी बायको.

यंदा क्लबनं डबा सक्तीचा केला, म्हणून भाड्यानं घेतला. सरावानंतर पडद्यावर पाहतो तर प्रत्येक फेरीला बायकोच्या स्टॉपवॉचपेक्षा चार सेकंद जास्त! मी वेळ नोंदवणाऱ्यांच्या खिडकीवर जाऊन भांडलो. "डबा बरोबर आहे," आतला माणूस म्हणाला. "तुमचं घड्याळ बघा."

मी तणतणत बायकोकडे गेलो. "तू बटण कधी दाबतेस?"

"तुम्ही रेषा ओलांडलीत की चालू करते. शेवटच्या वळणातून बाहेर आलेले दिसलात की बंद."

"अगं, फेरी रेषेवर संपते!"

"तुमची संपत असेल," ती म्हणाली. "तुम्ही पडता ते त्याच वळणावर ना? तिथून धड दिसलात की माझा जीव भांड्यात पडतो. पुढचं कशाला मोजू?"



शर्यतीत त्या वळणातून बाहेर आल्यावर मी दर फेरीला हँडलवरचा एक हात उचलून तिला दाखवला. डब्यानं तेवढा वेळही माझ्या नावावर धरला. धरू दे.