लांबी आधी की रुंदी

अंबादासराव वाहुळ्यांच्या घरात गणित बिघडलंय, ही बातमी कांजूरमार्गच्या त्या चार मजली सोसायटीत संध्याकाळच्या आत सगळ्यांना कळली. गळती लागली असती, उंदीर झाले असते, तर लोकांनी समजून घेतलं असतं. पण गणित बिघडायचं म्हणजे काय? चांगल्या घरात असं होतं का कधी?

झालं ते असं. सोसायटी रीडेव्हलपमेंटला निघाली होती आणि बिल्डर हर्षदभाईंनी घरं मोजायला निलेश नावाचा सर्व्हेअर पाठवला होता. भिंतीवर लेझरचा लाल ठिपका मारायचा आणि हातातल्या यंत्रावर आकडा वाचायचा, एवढंच त्याचं काम. वाहुळ्यांकडे त्याने आधी लांबी घेतली, मग रुंदी घेतली आणि गुणाकार केला. चारशे पाच चौरस फूट. अंबादासरावांचा चेहरा खुलला, कारण चारशेच्या वर असलेल्या घराला नव्या इमारतीत एक खोली जास्त मिळणार होती. ती खोली त्यांनी मनातल्या मनात मुलीला देऊनही टाकली होती. चेतना दहावीपासून फ्रीज आणि खिडकीच्या मधल्या फटीत टेबल अडकवून शिकली. कोथिंबीर काढायची तर आधी तिला उठवावं लागायचं. आता ती पीएचडीला होती आणि टेबल अजून तिथंच होतं.

मग निलेशने पडताळणी केली. या खेपेला आधी रुंदी, मग लांबी. आकडा आला तीनशे ऐंशी.

"काका, तुमच्या घराची काहीतरी गडबड आहे."

"तुझ्या यंत्राची असेल."

निलेशने सेल बदलले. मग खालून टेप आणला. अंबादासरावांच्या बायकोने, द्रौपदीबाईंनी चहा दिला, तो पिऊन पुन्हा मोजलं. काही उपयोग नाही. घराला लांबी आधी विचारली की ते मोकळेपणाने सगळं सांगायचं, आणि रुंदी आधी विचारली की अंग चोरून उभं राहायचं. तेच यंत्र समोरच्या प्रेमाकाकूंच्या घरात अगदी शहाण्यासारखं चाललं.

सोसायटीचे सेक्रेटरी चंद्रप्रकाश तावडे चपला घालून वर आले. "तीन पाचे पंधरा आणि पाच त्रिक पंधरा, हे चौथीतल्या पोराला कळतं. तुमच्या घराला कळत नाही?" ते अशा सुरात म्हणाले, जणू अंबादासरावांनीच घराची शाळा बुडवली होती.

शनिवारी चेतना पवईच्या हॉस्टेलवरून घरी आली आणि तिला हे कळलं. ती पर्स खाली न ठेवताच टेप घेऊन सुरू झाली. इकडून मोजलं, तिकडून मोजलं, आणि मग फ्रीजला टेकून रडायला लागली.

"अगं, रडतेस काय? आपण लढू," अंबादासराव म्हणाले.

"पप्पा, मी आनंदाने रडतेय!"

मुलगी कशात संशोधन करते, हे अंबादासरावांना कुणी विचारलं की ते "मॅथ्स" म्हणून मोकळे व्हायचे. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या माणसाला तेवढं पुरे होतं. आता चेतनाने त्यांना खाली बसवलं. तिच्या भूमितीत गुणाकाराचा क्रम बदलला की उत्तर बदलतं. तिथल्या जागांमध्ये भिंती सोडाच, धड बिंदूही सापडत नाहीत. नुसता हिशेब मांडून जागा ओळखायची. अशी जागा कागदाबाहेर कुणी पाहिलेली नव्हती, तिच्या गाईडनेही नाही. आणि इथं ती फ्रीज, मिक्सर आणि देवळीतल्या बुद्धमूर्तीसकट उभी होती.

"म्हणजे कसं?" द्रौपदीबाईंनी विचारलं.

"आई, सुकट आधी भाजून मग धुतली आणि आधी धुऊन मग भाजली, तर सारखीच होईल का?"

"भाजून मग धुणारी बाई वेडीच असेल."

"झालं तर मग. क्रमाने फरक पडतो."

द्रौपदीबाईंना पटलं. अंबादासराव मात्र उठून गॅलरीत गेले. वारा डंपिंग ग्राउंडकडून येत होता, तरी ते आत आले नाहीत. चेतना मागोमाग गेली, तेव्हा ते तिच्याकडे न बघता बोलले.

"आमच्या गावात एक आड होता. आधी त्यांनी हंडा भरला, मग माझ्या आईने, तर ते पाणी. आधी आईने भरला, मग त्यांनी, तर विटाळ. हंडे तेच, दोर तोच, आडही तोच. आई उन्हात तिष्ठत बसायची. त्या क्रमातून सुटायला मी मुंबईला आलो, चेतना. हे घर घेतलं. आणि तू म्हणतेस क्रमाने फरक पडतो? त्यावर तू डॉक्टर होणार?"

चेतनाला वाईट वाटलं आणि रागही आला, आणि तिने तो राग दाखवला.

"पप्पा, फरक पडतच होता ना? आजीला पडत होता. पडत नाही असं म्हटलं तर आजीचं ऊन कुठं गेलं? मी फक्त एवढंच लिहिते की या बाजूने केलं तर हे होतं, त्या बाजूने केलं तर ते. यात वरचं कोण आणि खालचं कोण, हे मी लिहीत नाही. ते गावाने लिहिलं."

दोन दिवस बापलेक एकमेकांशी फक्त मिठाबद्दल बोलत होते.

तोवर सोसायटीचा धीर सुटला होता. करारात क्षेत्रफळासाठी एकच चौकोन होता आणि वाहुळ्यांचा चौकोन भरेपर्यंत कुणाचाच करार पुढे सरकणार नव्हता. लोक जिन्यात अंबादासरावांना अडवून घर दुरुस्त करून घ्यायला सांगू लागले. एकाने प्लंबरचा नंबर दिला. तावड्यांनी नियम पाहिले. एखाद्या सदनिकेने गुणाकार मानला नाही तर काय करायचं, यावर नियमांत काहीच नव्हतं. म्हणून त्यांनी विशेष सर्वसाधारण सभा बोलावली.

सभा खाली पार्किंगमध्ये भरली. हर्षदभाई स्वतः आले होते, सोबत निलेश आणि समोशांचा खोका. तावड्यांनी घसा खाकरून ठराव वाचला: "संस्थेच्या इमारतीतील प्रत्येक सदनिकेची लांबी गुणिले रुंदी ही रुंदी गुणिले लांबीइतकीच राहील व यापुढे क्रमामुळे कोणताही फरक पडणार नाही, असे ही सभा ठरवीत आहे." ठरावाचा मजकूर हर्षदभाईंच्या ऑफिसातून आला होता. सूचक मिळाला, अनुमोदकही मिळाला.

"हे असं मतदानाने ठरत नसतं हो!" चेतना मागून ओरडली.

"मॅडम, तुम्ही मेंबर नाही," तावडे म्हणाले. "सोसायटीत सगळं मतदानानेच ठरतं."

तिने बापाकडे पाहिलं. तो सभासद होता. त्याचं एक विरोधी मत पडलं असतं, तर निदान इतिवृत्तात नोंद राहिली असती की अशी एक जागा होती. "पप्पा, प्लीज," ती म्हणाली.

पार्किंगमध्ये सगळे हात वर गेले. अंबादासरावांनी थोडा वेळ आपल्या हाताकडे पाहिलं आणि तोही वर केला.

टाळ्या पडल्या. सर्वानुमते मंजूर. हर्षदभाईंनी उठून अंबादासरावांशी हात मिळवला. चेतनाचा चेहरा पडला. एवढी वर्षं जे शिकली, ते स्वतःच्या बापाने समोसे खाणाऱ्यांच्या बाजूने हात वर करून खोटं ठरवलं, असं तिला वाटलं, आणि ती जिन्याकडे निघाली.

"चल निलेश," हर्षदभाई म्हणाले, "वाहुळेसाहेबांचा चौकोन भरून टाक. तीनशे ऐंशी."

"का?" अंबादासरावांनी विचारलं.

"का म्हणजे? आपण रुंदी आधी घेतो. आपली सिस्टीम आहे."

"चांगली आहे. पण आज लांबी आधी घ्या."

"असं कसं, साहेब?"

"आत्ताच ठरलं ना, क्रमाने फरक पडत नाही? तुम्हीच लिहून आणलंत. मीपण हात वर केला." अंबादासरावांनी आवाज खाली येऊ दिला नाही. "मग लांबी आधी घेतली तर तुमचं काय जातंय?"

हर्षदभाईंनी तोंड उघडलं. फरक पडतो म्हणावं, तर स्वतःचाच ठराव मोडत होता. पडत नाही म्हणावं, तर खोली जात होती. तावड्यांनी इतिवृत्त पुन्हा वाचून पाहिलं. त्यातही पळवाट नव्हती. शेवटी निलेशने कुणाकडेही न बघता चौकोनात चारशे पाच लिहिलं.

चेतना जिन्याच्या दुसऱ्या पायरीवरून परत आली. "पप्पा, हे गणित नाहीये. ही शुद्ध चलाखी आहे."

"मला माहितेय. गणित तू कर." ते खुर्चीत बसले. "घर पडायला अजून सहा महिने आहेत, तोवर हवं तसं मोज. तुझ्या गाईडला पण आण. मी मत तुझ्या खोलीसाठी दिलं, तुझ्याविरुद्ध नाही. फरक पडतो, हे मला तुझ्याआधीपासून ठाऊक आहे."

ती त्यांच्या शेजारची खुर्ची ओढून बसली आणि त्यांचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला.

पण पार्किंगमध्ये आता गलका सुरू झाला होता. लांबी आधी घेतली की जागा वाढते, एवढंच लोकांच्या लक्षात आलं होतं. आमचंही पुन्हा मोजा, आमची लांबी आधी घ्या, असं म्हणत सगळी सोसायटी निलेशभोवती जमली. बाकीची घरं दोन्हीकडून सारखीच भरतात, हे तो शपथेवर सांगत होता, पण ते कुणी ऐकायला तयार नव्हतं. क्रमाने फरक पडत नाही असा ठराव सर्वानुमते मंजूर केलेली माणसं, कुणाचं घर आधी यावरून एकमेकांना कोपरं मारत होती.

त्या गर्दीतून प्रेमाकाकू पुढे घुसल्या. वाटेत अंबादासरावांची खुर्ची आली, तशा त्या आपल्या मालवणीत करवादल्या.

"तुमचा आधी झाला मा? मगे आता मागे व्हा!"

अंबादासरावांना आधी कळलंच नाही. मागे व्हा हे त्यांनी जन्मभर ऐकलं होतं, त्याचं काही नव्हतं. पण तुमचं आधी झालं, असं त्यांना आजवर कुणी म्हणालं नव्हतं. त्यांचे डोळे भरून आले. ते उठले, स्वतःच्या हाताने खुर्ची उचलली आणि प्रेमाकाकूंना वाट करून दिली.